संत्र्याच्या बगीच्यात बिअरचा मेळावा : वरूड तालुक्यातल्या एका यजमानपदाचे प्रकरण

बिअरची मनापासून आवड असलेल्यांचा आमचा एक छोटा गट आहे. नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरचे लोक, काही पुण्या-मुंबईचे. त्यात बायकाही आहेत. वर्षातून एकदा सगळे एका जागी जमतात. सात-आठ प्रकारच्या बिअर थोड्या थोड्या चाखायच्या, धान्य, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुले), यीस्ट, पाणी यांच्यावर मनसोक्त बोलायचे, सोबत जेवायचे, एवढाच कार्यक्रम. दरवर्षी कोणीतरी आपणहून यजमान होतो. आजवरचे मेळावे शहरातल्या परवाना असलेल्या हॉटेलांत झाले. तिथे यजमानाने टेबले सांगायची आणि वर्गणी गोळा करायची, की काम संपले. या वेळी वरूड तालुक्यातल्या एका सदस्याने हात वर केला आणि म्हणाले, "यंदा माझ्या बगीच्यात या."

बगीचा म्हणजे संत्र्याचा. गावापासून जरा दूर, नाल्याच्या अलीकडे. माल ठेवायला एक मोठे शेड, दोन खोल्या, बोअर. वरूड-मोर्शीच्या या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, आणि जमिनीतल्या पाण्याचा अतिउपसा झालेला पट्टा म्हणूनही तो तितकाच ओळखला जातो. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. माणसांचीही नावे देत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण सरळ आहे. खेड्यात असा मेळावा घ्यावा असे आणखी काही जणांच्या मनात आहे, आणि त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न परवान्याचा असतो. आमच्या यजमानांच्या बाबतीत परवाना हे लहान काम निघाले. मोठे काम होते गावाचा होकार मिळवण्याचे. माझ्या मते विदर्भाच्या खेड्यात तो होकार मिळवल्याशिवाय बिअरची एक बाटलीही उघडू नये.

तारीख कशी ठरली

जानेवारीच ठरला, आणि तो योग्य होता. विदर्भाच्या उन्हाळ्यात शेतात बिअर नेणे म्हणजे ती मारणे. उष्णतेने बिअरमधले ऑक्सिडेशन झपाट्याने वाढते, हॉप्सचा सुगंध जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. जानेवारीत इकडे रात्री चांगली थंडी असते. ज्वारी हुरड्यावर आलेली असते आणि मृग बहाराची संत्री झाडावर रंग धरत असतात. २६ जानेवारी हा ड्राय डे, म्हणून तो आठवडा सोडला. तालुक्यात कुठल्या निवडणुकीचे मतदान आहे का तेही पाहिले, कारण मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास मद्यविक्री बंद असते. पाहुण्यांची तिकिटे काढून झाल्यावर हे कळले असते तर सगळेच बिनसले असते.

रस्ता

पुण्या-मुंबईच्या सदस्यांना ज्याची कल्पनाच नव्हती असा प्रश्न इथे उभा राहिला. वरूडसारख्या तालुक्याच्या गावी बिअर मिळते, पण ती बहुतेक एकाच धाटणीची, स्ट्राँग लागर, म्हणजे जास्त अल्कोहोलची नेहमीची सोनेरी बिअर. गव्हाची बिअर, हॉप्सच्या सुगंधाची पेल एल, काळी स्टाउट असे प्रकार हवे असतील तर नागपूर गाठावे लागते. नागपूरहून अमरावतीकडे येणारा नेहमीचा हमरस्ता बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, तिवसा असा येतो. यातले कारंजा आणि तळेगाव वर्धा जिल्ह्यात आहेत, आणि वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. म्हणजे नागपूरला रीतसर बिलावर घेतलेली बिअर त्या रस्त्याने आणली, तर मधल्या टप्प्यात आपण बंदी असलेल्या जिल्ह्यातून मद्य वाहून नेत असतो.

यजमानांनी रस्ता बदलला. नागपूर, काटोल, जलालखेडा, वरूड. हा रस्ता नागपूर जिल्ह्यातून थेट अमरावती जिल्ह्यात उतरतो, वर्धा जिल्हा लागतच नाही. सगळी बिअर एकाच दुकानातून, एकाच गाडीतून, बिल आणि परवान्याची प्रत सोबत ठेवून आणायची, बाकी कोणी काहीही आणायचे नाही, असा त्यांनी सगळ्यांना निरोप दिला.

तरी एक गोष्ट घडलीच. नागपूरच्या एका पाहुण्याने परदेशातून आणलेल्या दोन-चार बाटल्या प्रेमापोटी बॅगेत टाकल्या होत्या. सकाळी यजमानांनी सहज फोन केला, "कुठवर आले?" उत्तर आले, "कोंढाळीला चहा घेऊन राहिलो." पुढे बोलता बोलता बाटल्यांचा विषय निघाला. यजमान म्हणाले, "तिथंच थांबा. पुढं येऊ नका. कोंढाळीहून काटोलला रस्ता फुटते, तो धरा." पाहुण्याला तासभराचा वळसा पडला आणि थोडा रागही आला. पण कोंढाळीच्या पुढे काही अंतरावर जिल्हा बदलतो, आणि तिथे कोणी गाडी तपासली असती तर गुन्हा त्या पाहुण्यावर आणि बभ्रा गावात झाला असता.

चंद्रपूरच्या सदस्यांना हे समजावून सांगावे लागले नाही. त्यांच्या जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहेच. जिल्ह्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो, हे तिकडच्या माणसाला पाठ असते.

कागदाची परवानगी

यावर फार लिहिण्यासारखे नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करून ठिकाणासाठी एक दिवसाचा तात्पुरता परवाना घेतला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि त्याची मांडणीच अशी आहे की परवाना असेल तरच मद्य जवळ ठेवायचे आणि प्यायचे. पिणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे पूर्ण. विशीतला एक सदस्य या अटीत बसत नव्हता, त्याला यजमानांनी स्वतः फोन करून "पुढच्या वर्षी ये" म्हणून सांगितले.

पैशाचा एक मुद्दा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. यजमानांनी जेवणाची आणि राहण्याची वर्गणी वेगळी ठेवली. बिअर गटाने आधीच मिळून विकत घेतली. बगीच्यात कोणाकडूनही पैसे घेऊन ग्लास भरायचा नाही, कारण जागेवर पैसे घेऊन दिलेली बिअर ही विक्री ठरते. माझा आक्षेप एवढाच, की आगाऊ खर्चाचा मोठा भाग यजमानांनी पदरचा केला आणि गटाने तो उशिरा फेडला. यजमानपद घेणाऱ्यावर असा बोजा पडता कामा नये. पुढच्या वर्षीपासून वर्गणी आधी, तयारी नंतर, असे ठरवून घेतले आहे.

गावाचा होकार

स्वयंपाक गावातल्या महिला बचत गटाने करावा, असे यजमानांच्या मनात होते. गटातल्या बायका लग्नाकार्यात दोनशे-तीनशे माणसांचे जेवण सहज काढतात. यजमान त्यांच्याकडे गेले, पाहुणे किती, जेवण काय, सगळे सांगितले, आणि बिअरचेही सांगितले. लपवता आले असते. "मित्र येणार आहेत, हुरडा पार्टी आहे" म्हटले असते तर कोणी विचारलेही नसते. त्यांनी लपवले नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वात महत्त्वाचे वाटते.

बायका गप्प झाल्या. मग त्यांच्यातल्या एक काकू बोलल्या. त्यांच्या नवऱ्याचे लिव्हर दारूने गेले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचे पाहुणे शिकलेले हायेत, थोडीशी पेतीन अन् झोपतीन. मी काही म्हणत नाई. पण आमचे पोट्टे काय पायतीन? शयरातले सायेब लोकं वावरात बसून पेते, हेच ना? तुमी तं उद्या आपल्या कामाले लागसान. मांगं आमालेच निस्तरा लागते."

या बोलण्याला उत्तर नव्हते, आणि यजमानांनी उत्तर दिलेही नाही. त्यांनी विचारले, "काकू, मग कसं करू, तुमीच सांगा."

या प्रश्नामुळे प्रकरण वळले, असे मी मानतो. अमरावती जिल्हा हा गाडगे महाराजांचा आणि तुकडोजी महाराजांचा. दोघांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दारूविरुद्ध सांगितले. मोझरीचे गुरुकुंज इथून काही फार लांब नाही, आणि गावात आजही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. दारूचे दुकान हटवायला बायकांनी मतदान मागावे आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद व्हावे, ही तरतूद महाराष्ट्रात उगाच आलेली नाही. त्यामागे अशा काकूंची अख्खी पिढी आहे. अशा गावात जाऊन "आमची बिअर वेगळी, आम्ही चवीसाठी पितो" असे भाषण देणे मला असभ्यपणाचे वाटते. बिअर ही धान्याची, कष्टाची, हजारो वर्षांच्या कारागिरीची गोष्ट आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हे ऐकवायचा अधिकार मला नाही.

बचत गट आणि सरपंचताई यांच्याशी दोन-तीन बैठका झाल्या. त्यातून ज्या गोष्टी ठरल्या त्यातल्या बहुतेक बायकांनीच सुचवल्या. बगीच्याच्या रस्त्यावर पाटी, फलक, बाण काहीच लावायचे नाही. डीजे नाही, स्पीकर नाही. दुपारी तीनला चाखणे सुरू करायचे आणि प्रार्थनेच्या वेळेआधी शेवटचा ग्लास रिकामा व्हायचा. गावातल्या कोणालाही, मग तो कितीही मोठा माणूस असो, एक घोटही द्यायचा नाही. बायका स्वयंपाक सकाळी करतील, दुपारी अडीचला त्यांना गाडीने घरी सोडायचे. पाहुण्यांना गरम जेवण हवे तर वाढणे आणि भाकरी भाजणे पाहुण्यांनीच करायचे. पाहुण्यांनी बाटल्यांसोबत फोटो काढून कुठेही टाकायचे नाहीत. रिकाम्या बाटल्या मोजून परत न्यायच्या, एकही धुऱ्यावर राहता कामा नये. बगीच्यात अनवाणी फिरणारे मजूर आणि बैल असतात, तिथे काच फुटणे परवडत नाही.

सरपंचताईंनी एक अट स्वतःहून घातली. मजुरांच्या मजुरीत दारू नाही. संत्रा तोडणीच्या दिवसांत काही ठिकाणी मजुरीसोबत संध्याकाळची बाटली देण्याची रीत आहे, आणि ती किती घरे बुडवते हे त्यांनी पाहिले आहे. मेळाव्याच्या मदतीला आलेल्या गड्याने दोनदा विचारले, "मालक, एखादी आपल्यालेबी?" यजमानांनी त्याला रोजी जास्त दिली, बाटली दिली नाही. तो जरा नाराज झाला. मला यजमानांचे पटले. दिलेला शब्द तिथे मोडला असता तर बाकी सगळे नियम कागदावरच राहिले असते.

घरी केलेल्या बिअरचा प्रश्न

पुण्याच्या एका सदस्याने विचारले की तो स्वतः केलेली बिअर आणू शकतो का. परदेशातल्या मेळाव्यांत हाच मुख्य कार्यक्रम असतो. अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा बदलून घरी बिअर करायला संघीय पातळीवर मोकळीक मिळाली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. त्या एका बदलाने तिथे हजारो लोक घरच्या स्वयंपाकघरात बिअर करू लागले आणि पुढे त्यांतल्या कितीतरी जणांनी छोट्या ब्रुअरी, म्हणजे बिअरचे कारखाने, काढल्या. आपल्याकडे विनापरवाना मद्य तयार करणे हा दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे, आणि त्यात तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी जवळ ठेवणेही येते. उत्तर नाही असेच होते.

मग निदान बगीच्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, उकळून दाखवू, यीस्ट घालणारच नाही, अशीही एक सूचना आली. यजमानांनी तीही नाकारली. शेतात चूल, मोठे पातेले, पिंप, वर आंबूस-गोड वाफ. गावाच्या नजरेत याला हातभट्टीच म्हणतात. ती समजूत दूर करत बसण्यात कोणाचाही फायदा नव्हता.

त्याऐवजी त्यांनी जे केले ते मला मेळाव्यातले सगळ्यात सुंदर काम वाटले. ब्रुअरीत माल्टची चव तपासायची एक साधी पद्धत आहे. ५० ग्रॅम दळलेले माल्ट, ६५ अंशांचे ४०० मिली पाणी, थर्मासमध्ये टाकून हलवायचे, पंधरा मिनिटांनी गाळायचे. अल्कोहोल शून्य. निघतो तो धान्याचा गोडसर काढा. यजमानांनी चार थर्मास मांडले. एकात फिकट पेल माल्ट, एकात कॅरॅमल, एकात चांगले काळे भाजलेले जव. आणि चौथ्यात घरच्या ज्वारीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले माल्ट.

हे बायका घरी जाण्याच्या आधी, दुपारी झाले, म्हणून त्यांनीही चव घेतली. पहिला काढा पिऊन एक मावशी म्हणाल्या, "हे तं नाचणीच्या सत्त्वासारखं लागते." अगदी बरोबर. बाळासाठी नाचणी भिजवतात, मोड आणतात, सावलीत वाळवतात आणि दळतात. बिअरसाठी जवाचे हेच करतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, ते पिठातल्या स्टार्चची साखर करतात, म्हणून सत्त्व गोड लागते. बाळासाठी गोष्ट तिथेच थांबते. बिअरसाठी पुढे ती साखर यीस्टला खायला घालतात. काळ्या जवाचा काढा मात्र कोणालाच आवडला नाही; "जळक्या भाकरीचं पाणी" असे म्हणून सगळ्यांनी ग्लास खाली ठेवला. स्टाउटमध्ये हेच काळे धान्य थोडेसे असते, आणि तीच करपट कडू चव पुढे कॉफीसारखी लागते.

ज्वारीच्या थर्मासवर बराच वेळ बोलणे झाले. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पूर्वापार आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात थांबवली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरींना देशातली ज्वारी वापरून लागर करायला शिकावे लागले. इकडे कपाशी आणि सोयाबीनपुढे ज्वारीचा पेरा मागे पडत गेला. ज्वारीला माल्टचे गिऱ्हाईक मिळाले तर एखाद्या शेतकऱ्याला ती परत पेरावीशी वाटेल का, यावर यजमान फार गंभीर होते. मलाही तो विषय बिअरपेक्षा मोठा वाटतो.

किती बिअर, किती बर्फ

पाहुणे तीस, प्रकार आठ, प्रत्येकी १०० मिली. म्हणजे एकूण २४ लिटर. एका माणसाच्या वाट्याला ८०० मिली येते. सरासरी ५ टक्के धरले तर त्यात ४० मिली, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅम बाहेर टाकते. तीन तासांत, खात-पीत, पाण्यासोबत हे प्रमाण झेपण्यासारखे आहे. पण गाडी चालवण्यासारखे नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे आणि एवढ्या बिअरने ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून सगळ्यांनी बगीच्यातच मुक्काम करायचा, आणि ज्यांना रात्री परतायचे होते त्या दोघांनी फक्त थर्मासचे काढे आणि संत्र्याचा रस घ्यायचा, असे ठरले. कॅरमच्या पटावर सगळ्यांच्या चाव्या ठेवल्या आणि पट खोलीत बंद केला.

थंड ठेवायचे कसे? शेतीच्या लाइनला ठरावीक तासच वीज, त्यामुळे फ्रीजवर भरवसा नाही. बर्फाचा हिशेब मी करून दिला होता. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. २४-२५ लिटर बिअर बाटल्यांसह २० अंशांवरून ७ अंशांवर आणायला पाच किलो बर्फ पुरतो. खोक्याच्या भिंती, सारखे उघडणारे झाकण आणि दुपारचे ऊन धरून पंचवीस किलो घेतला. तालुक्याच्या बर्फ कारखान्यातून सकाळी आणला, भुसा आणि ओल्या पोत्यांत गुंडाळून. खोक्यात नुसता बर्फ ठेवू नये, बर्फ आणि पाणी मिसळून ठेवावे. पाणी बाटलीला चहूबाजूंनी लागते आणि ती लवकर थंड होते. सगळ्याच बिअर बर्फासारख्या गार पिऊ नयेत, हेही आम्ही पाहुण्यांना सांगितले. स्टाउट खोक्यातून काढून अर्धा तास बाहेर ठेवली तेव्हाच तिची चव उलगडली.

दुपार

सुरुवातीला जागा बदलावी लागली. खुर्च्या उन्हात मांडल्या होत्या, थंडीत ऊन बरे वाटते म्हणून. पण हॉप्सच्या कडू घटकांवर प्रकाश पडला की त्यातून कुजकट वासाचे एक गंधकयुक्त संयुग तयार होते. काचेच्या ग्लासात, उन्हात, हे काही मिनिटांत होऊ शकते. तपकिरी बाटल्या याचसाठी असतात. सगळे शेडच्या सावलीत आले. एका सदस्याने मुद्दाम एक ग्लास उन्हात ठेवला, दुसरा सावलीत, आणि थोड्या वेळाने दोन्ही फिरवले. उन्हातला ग्लास नाकाशी नेल्याबरोबर प्रत्येकाने तोंड मागे घेतले. या एका ग्लासाने जे शिकवले ते तासभर बोलूनही शिकवता आले नसते.

दुसरी अडचण फेसाची. पहिली बिअर ओतली आणि फेस बसलाच नाही. ग्लास बायकांनी जेवणाच्या भांड्यांसोबत धुतले होते आणि त्यांवर तेलाचा, साबणाचा पातळ थर राहिला होता. चरबी आणि साबण फेस मोडतात. सोड्याच्या पाण्याने पुन्हा धुतले, निथळायला उपडे ठेवले, कापडाने पुसले नाहीत. नंतरच्या बिअरला फेस नीट धरला. खाणाऱ्यांच्या ओठांवरच्या तर्रीनेही तो मोडत होता, पण ते अपरिहार्य होते.

जेवण विदर्भाचे होते आणि मुद्दाम तसेच ठेवले होते. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, पाटवडी, सांबारवडी, वांग्याचे भरीत, रोडगे, वरण. पाटवडीच्या रश्श्यासोबत कडू हॉप्सची बिअर कोणालाच झेपली नाही. कडूपणाने आणि फसफसण्याने तिखट आणखी चढते. हुरड्यासोबत साधी लागर छान लागली. पण दुपार जिंकली ती गव्हाच्या बेल्जियन बिअरने. विटबिअर म्हणतात ती. गहू, जवाचे माल्ट, धने आणि कडू संत्र्याची साल. हूगार्डन या बेल्जियमच्या गावातली ही बिअर करणारी शेवटची भट्टी १९५७ मध्ये बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या, दूध पोचवण्याचे काम केलेल्या माणसाने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. एका गावकऱ्याने गावाची विझलेली चव परत आणली, ही हकीकत संत्र्याच्या झाडांखाली ऐकताना सगळे शांत बसले होते.

यजमानांनी झाडावरचे एक संत्रे तोडून त्याची साल ग्लासावर पिळली. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, कडू संत्र्यापेक्षा गोड सुवासाची. सालीतले तेल तुषारासारखे उडून फेसावर पडले. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची साल इथे शेकड्याने उकिरड्यावर जाते. एखाद्या परवानाधारक ब्रुअरीने ती वाळवून वापरून पाहावी, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

पाचच्या सुमारास मोटरसायकलवर गावातली दोन पोरे आली. वास लागला असावा, किंवा गाड्या पाहिल्या असतील. यजमान उठून रस्त्यापर्यंत गेले. आत बोलावले नाही, हाकललेही नाही. ओंजळभर हुरडा आणि संत्री हातात दिली, दोन गोष्टी बोलले, आणि ती परत फिरेपर्यंत तिथेच उभे राहिले. आमच्यातल्या एकाला हे फार कठोर वाटले, "दोन घोट दिले असते तर काय झाले असते" म्हणाला. मला ते अजिबात मान्य नाही. काकूंना दिलेला शब्द याच दोन पोरांबद्दल होता.

प्रार्थनेच्या आधी ग्लास आवरले गेले. पुढे शेकोटी, वरण-रोडगे आणि गप्पा. त्या रात्री ज्यांना आणखी प्यायची होती त्यांना ती मिळाली नाही. कारण उरलेल्या बाटल्या यजमानांनी आधीच मोजून कुलपात ठेवल्या होत्या.

नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी संत्र्यांच्या ओळीत फिरून झाकणे, बुडखे, कागद वेचले. बाटल्या मोजल्या, हिशेब जुळला, पोत्यांत भरून भंगारवाल्याकडे गेल्या. बचत गटाचे पैसे त्याच दिवशी दिले गेले. यजमान सरपंचताईंकडे जाऊन काय झाले ते सांगून आले, त्या दोन पोरांचेही सांगितले. काकूंनी त्यांना सांगितले की स्वयंपाक पुन्हा करू, पण दरवर्षी याच गावात नको. एकदा झाले ते पाहुणपण, दरवर्षी झाले तर पायंडा पडतो. यजमानांनी ते लगेच मान्य केले.

गटात यावर दोन मते आहेत. काहींना एवढी चांगली जागा सोडून देणे पटत नाही. परवाना आहे, गावाबाहेर आहे, मग हरकत काय, असे ते म्हणतात. मी काकूंच्या बाजूचा आहे.

पुढच्या वर्षासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सदस्याने हात वर केला आहे. नागपूरहून यवतमाळला जाणारा सरळ रस्ता वर्धा जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे बिअर काटोल, वरूड, अमरावती, नांदगाव खंडेश्वर, नेर अशी फिरवून न्यावी लागेल, किंवा अमरावतीतच विकत घ्यावी लागेल. प्रकार कमी मिळाले तरी चालतील असे आम्ही त्याला सांगितले आहे. गावातल्या बायकांशी तो अजून बोललेला नाही, म्हणून तारीख धरलेली नाही आणि वर्गणीही मागितलेली नाही.